वाचून दाखवलं, बरोबर आहे

कारखान्याच्या चौकशी विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या प्रमिलाबाईंपुढे भल्याभल्यांची भंबेरी उडायची. तांब्याची तार चोरणारा असो की साहेबाच्या कानाखाली वाजवणारा, त्याचा जबाब त्या स्वतः लिहायच्या, मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि तो 'बरोबर आहे' म्हणेपर्यंत सही घ्यायच्या नाहीत. निवृत्तीनंतर भोपाळच्या सोनागिरी वस्तीतल्या घरात हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शाहपुऱ्यात ऋचा वकिलीणबाईंचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. युद्धातून पळून आलेल्यांचे जबाब तिथे प्रमिलाबाई फुकट लिहून देत.

त्या दुपारी समोर आदम होता. मूळचा सुदानचा, भोपाळात फार्मसी शिकलेला, त्यामुळे हिंदी फर्डी. सुट्टीत घरी गेला आणि युद्धात सापडला, मग शेजारच्या देशातल्या छावणीत वर्ष काढून कसाबसा इथे परतला. उद्या सकाळी दिल्लीत मुलाखत होती आणि संध्याकाळची गाडी गाठायची होती. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तर राहायचं, नाहीतर परत. परत म्हणजे कुठे, ते त्याच्या मानेवरचा कोयत्याचा वण सांगत होता.

बंदूकवाले गल्लीत शिरले. शेजारच्या मास्तरांना खुर्चीला बांधून पेटवलं. आईला अंगणात गोळी घातली. धाकट्या इसहाकला दारात. सोळा वर्षांचा होता. आदम हे सगळं पाढ्यासारखं म्हणत होता, आणि बाईंना नेमकं तेच खटकत होतं. त्यांनी छावणीतला जुना फॉर्म पुढे सरकवला.

"यहाँ लिखा है, भाई नहीं है. तुमने लिखवाया?"

आदमनं फॉर्म तसाच परत सरकवला.

"उद्या दिल्लीत हेच विचारणार," बाई ऋचाकडे वळून मराठीत म्हणाल्या. "तू बाहेर बस. मला याला सोलून काढायचंय."

ऋचा काचेपलीकडे गेली. बाईंनी चौकशीतला जुना आवाज काढला. "भाई था ही नहीं. झूठी कहानी बनाई. है ना?"

"था."

"तो फॉर्म में क्यों नहीं? हमदर्दी के लिए मरा हुआ भाई पैदा किया?"

टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन कधी उचललं गेलं ते कोणालाच कळलं नाही. ते बाईंच्या भुवईवर बसलं. चष्मा फुटला, बाई खुर्चीसकट मागे कोसळल्या. आदम त्यांच्या छातीवर गुडघा रोवून ओरडत होता, "चुप! चुप!" त्याची बोटं त्यांच्या गळ्यात रुतली होती. मग भुवईवरून गालावर उतरणारं रक्त त्याला दिसलं आणि हात आपोआप सुटले. तो भिंतीला टेकून कुत्र्यासारखा धापा टाकू लागला.

ऋचा धावत आली. "मावशी! मी पोलिसांना बोलावते."

"बोलावलंस की हा संपला." बाईंनी पदर भुवईवर दाबला. "मी उठले आणि त्या कपाटावर आपटले."

"खोटं का बोलताय? मी काचेतून बघितलं!"

"कपाटावर आपटले, म्हटलं ना!"

बत्तीस वर्षांत दुसऱ्याचा एक खोटा शब्द ज्यांनी खपवून घेतला नव्हता, त्या बाई धडधडीत खोटं बोलल्या. आदमला मराठी येत नव्हती, पण बाईंचं बोट कपाटाकडे गेलेलं त्यानं पाहिलं. आपल्याला वाचवलं जातंय, एवढं त्याला कळलं. तो जमिनीवरच बसला.

"मैंने भी झूठ बोला था," तो म्हणाला. "वो दरवाज़े पर नहीं मरा."

इसहाकच्या मांडीत गोळी घुसली होती. आदमनं त्याला पाठीवर घेऊन सहा मैल नेलं. पुढे नाक्यावर बंदूकवाले उभे होते. रांगेतल्या पुढच्या माणसानं जखमी मुलीला 'माझी' म्हटलं, तर दोघांना एकाच गोळीत आडवं केलं. मग आदमला विचारलं, हा तुझा कोण?

"मैंने कहा, कोई नहीं. रास्ते में मिला."

त्यांनी इसहाकला रस्त्यावर टाकायला लावलं. आपली गाडी त्याच्या पायांवरून नेली. मग मागे घेतली आणि छातीवरून नेली. आदम तीन हातांवर उभा होता.

"उसने मुझे आवाज़ नहीं दी, मैडम. एक बार भी भाई नहीं बोला. मैं बच जाऊँ इसलिए."

छावणीत भाऊ किती विचारलं, तेव्हा जीभ तेच म्हणाली, जे नाक्यावर म्हणाली होती.

बाईंनी सगळं लिहिलं. कागदावर रक्त ठिबकलं की पुसायचं आणि पुढे लिहायचं. मग नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे त्या वाचू लागल्या. छातीवरून गेलेल्या गाडीपाशी आदमनं कान झाकले. बाई थांबल्या, पण ती ओळ त्यांनी गाळली नाही. शेवटचं वाक्य आलं.

"नाके पर जिसे मैंने पहचानने से इनकार किया, वह इसहाक मेरा सगा भाई था. सही है?"

आदमनं कानांवरचे हात खाली घेतले. ऋचानं घड्याळाकडे पाहिलं. गाडीला तास उरला होता. बाईंनी सही मागितली नाही, त्या वाट पाहत राहिल्या. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"सही है," तो पुटपुटला. मग ताडकन उभा राहिला आणि नाक्यावरच्या त्या माणसांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ओरडला, "मेरा भाई है! इसहाक मेरा भाई है!"

बाईंनी पेन त्याच्यापुढे धरलं.