छातीवरचे चोवीस तास

मी होल्टर. माणसाच्या छातीवर चोवीस तास बसून ठोके टिपणारं यंत्र. नोएडातल्या एका दवाखान्यात नऊ वर्षं झिजतोय. मित्रांनो, माझी मलाच किळस येते. पट्ट्याला शेकडो माणसांचा घाम, वायरींना चिकटपट्टीचा काळा गोंद, आणि पुसायचं म्हटलं की सगळ्यांचे हात दुखतात! नवा होतो तेव्हा डॉक्टर मयुरा मला स्वतः पुसायच्या. असो.

पण खरी शिसारी आली ती एका टापटीप घरात.

त्या घरातल्या अलकनंदाबाईंच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला. त्यामुळे हृदयावर ताण यायचा आणि ठोके मध्येच बेफाम पळायचे. अशा आजारात ते जिवावर बेतू शकतं. ते पळणं पकडायला मला बांधलं. "रोजची कामं करा, त्रास झाला की वेळ वहीत लिहा," मयुरांनी बजावलं.

बाईंचे यजमान रावसाहेब यांनी सरकारी फायलींत आयुष्य काढलेलं. घरी येताच म्हणाले, "आज बिल्कुल हलायचं नाही. रिपोर्ट चांगला आला पाहिजे." बाई दिवसभर पलंगावर. वही रावसाहेबांनीच भरली, तीही एका बैठकीत. दर तासापुढे 'सर्व ठीक'. शी! उद्या सकाळच्या तासांवरही सही आजच! मी काय टिपणार, कपाळ? रिपोर्ट स्वच्छ आला आणि शेजारी पेढे वाटले गेले.

चारच दिवसांत बाई चक्कर येऊन जिन्यात बसल्या. मला पुन्हा बांधलं. रावसाहेबांचं पुन्हा तेच, "चलो, आता पडून राहा."

"मी मेले की लोकांना रिपोर्ट दाखवणार आहात का?" बाई म्हणाल्या, आणि नेहमीसारख्या भाजी आणायला खाली गेल्या. परत चढताना दुसऱ्या मजल्यावर ठोके सुटले. मी एकूणएक टिपले. पायरीवर बसून त्यांनी वहीत वेळ लिहिली.

मयुरांनी ते पाहून ताबडतोब दाखल करून घेतलं. "कधीपासून होतंय हे?"

"चार महिने. यांना सांगितलं की म्हणायचे, काही नाही होत."

रावसाहेबांना मान वर करवेना. मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी मी मरत नाही. पण घरातलं माणूस 'धडधडतंय' म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका.

औषधांनी बाईंचे ठोके ताळ्यावर आले. घरी निघताना रावसाहेबांनी पायरीपाशी हात पुढे केला. बाईंनी कठडा धरला.