कोंडाजीचा अंगठा आणि कललेला माड

वाचकहो, दिवेआगर गावच्या कोंडाजी नामक पाडेल्याचा मोबाईल, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि गोदावरीकाकूंच्या वाडीतील एक कललेला माड, या तिघांची हकीकत प्रस्तुत कथेत यथाक्रम सांगण्यात येणार आहे. कथा लहान आहे. तथापि ज्याच्या हातात मोबाईल आहे अशा प्रत्येकाने ती शेवटपर्यंत वाचावी, अशी नम्र विनंती आहे.

माडावर चढून नारळ पाडणाऱ्या इसमास आमच्याकडे पाडेली म्हणतात. कोंडाजीचे वय त्रेपन्न. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी त्याला प्रथम माडावर चढविले, तेव्हा एकच नियम शिकविला होता: डावा हात झाडाचा, उजवा हात कामाचा. काम म्हणजे कोयत्याचे असो वा विडी पेटविण्याचे, डाव्या हाताने झाड सोडायचे नाही. हा नियम कोंडाजीच्या अंगात इतका मुरला होता की जमिनीवर उभा राहून चहा पितानासुद्धा त्याचा डावा हात आपोआप जवळचा खांब शोधीत असे. त्याची पत्नी नीराबाई म्हणे की ह्यांचे लग्नदेखील एका हाताने मांडवाचा खांब धरूनच लागले.

कोंडाजीची कन्या रुचिका श्रीवर्धनला एका मोबाईलच्या दुकानात नोकरीस आहे. मोठी हुशार मुलगी. दुकानात गिऱ्हाईक आले की खोका उघडण्यापूर्वी ती त्याच्या हातात नमुन्याचा मोबाईल देते आणि वरच्या कोपऱ्याला अंगठा टेकवून दाखवा म्हणते. टेकला नाही तर ती स्वतःहून लहान मोबाईल काढते, मग मालक कितीही डोळे वटारो. मात्र वडिलांसाठी मोबाईल घेताना तिने पाहिले ते त्यांचे डोळे. लग्नपत्रिका हातभर लांब धरून वाचणारा आपला बाप तिच्या नजरेसमोर होता. म्हणून पहिल्या पगारातून तिने दुकानातला सर्वांत मोठा मोबाईल आणला, देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले आणि बाबांच्या हाती दिला.

कोंडाजीने तो अख्ख्या आळीत फिरवून दाखविला. त्यावरची अक्षरे चष्म्याविना दिसत. जुना बटणांचा मोबाईल मुठीत मावत असे; हा मात्र हातात धरला की एखाद्या देवळाचा पाट हाती आल्यासारखे वाटे. त्याचा अंगठा अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन थकत असे. परंतु जमिनीवर दुसरा हात मोकळा असल्यामुळे ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

ती ध्यानात आली माडावर.

गोदावरीकाकूंच्या वाडीत समुद्राच्या बाजूस एक उंच माड आहे. सन दोन हजार वीसच्या चक्रीवादळात शेजारचे अकरा माड आडवे झाले; हा एकटा नुसता कलला व तसाच राहिला. पुढे भुंग्याने त्याच्या झावळ्या कातरल्या आणि दोन वर्षे त्याला नारळ धरला नाही. काकूंचा मुलगा अजेय पुण्याला इंजिनियर आहे. वाडीतल्या खोल्यांवर पाहुणे येतात, ते नेमके त्याच माडाखाली झोपाळा बांधतात. सबब अजेयने फोनवरून ठरविले की शेंडा मेला असेल तर माड तोडायचा. यंत्राची करवत चालविणारा माणूस मंगळवारी सकाळी येणार होता.

कोंडाजीने माड जिवंत असल्याचे सांगून पाहिले. परंतु मागील वर्षी दुसऱ्या एका माडाविषयीही त्याने असेच छातीठोक सांगितले होते, आणि महिन्याभरात त्याचा शेंडा पाहुण्यांच्या मोटारीच्या टपावर येऊन बसला. तेव्हा अजेय शांतपणे म्हणाला, "काका, राग नका मानू. वर जाऊन व्हिडिओवर मला शेंडा दाखवा. डोळ्यांनी दिसला की विषय संपला."

रविवारी सकाळी कोंडाजी चढला. प्रथम त्याने खालीच अजेयला व्हिडिओ फोन लावला, पाठीमागचा कॅमेरा लावला आणि मोबाईल पोटाशी फडक्यात बांधला. दहा हात वर जाईतो पोटाच्या दाबाने फोन बंद पडला. तो तसाच वर गेला. शेंड्यात त्याने जे पाहिले त्याने त्याचे मन भरून आले. इतक्यात अजेयचा फोन आला. कोंडाजीने तो उजव्या हाताने उचलला आणि पुण्यात अजेयला कोंडाजीच्या नाकपुड्या व त्यामागे स्वच्छ आकाश दिसू लागले.

कॅमेरा फिरविण्याचे चिन्ह वरच्या कोपऱ्यात होते. अंगठा पोहोचेना. दोन्ही हातांनी धरावे, तर डावा हात झाडाचा, आणि हे झाड कललेले. पाय रोवून बसल्यावर दुसऱ्या कोणी क्षणभर हात सोडला असता. कोंडाजीच्या मनात तो विचारही आला नाही. त्याने हनुवटी लावून पाहिली. मग नाक लावले. नाक लाल चिन्हावर टेकले आणि फोन बंद झाला. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी घामाने मोबाईलच निसटू लागला, तेव्हा त्याने तो दातांत धरला व खाली उतरला.

अजेयला त्याने रेंज नसल्याचे सांगितले. अजेय म्हणाला की चेहरा तर अगदी स्वच्छ दिसत होता.

गोदावरीकाकू खालून सर्व पाहत होत्या. त्यांनी विचारले की रुचिका आज संध्याकाळी सुट्टीवर घरी येते, तिलाच का विचारत नाही. कोंडाजी मान खाली घालून म्हणाला की पोरीने हौसेने आणलेल्या वस्तूला नावे ठेवणे त्याच्याने होणार नाही. काकू म्हणाल्या, "पोरगी रुसली तर जेवायच्या आत हसेल, कोंडाजी. मंगळवारी माड पडला, तर त्याला तू रुसवा काढून उभा करणार आहेस का?"

हे वाक्य कोंडाजी घरी घेऊन आला. रुचिका संध्याकाळच्या एसटीने आली. त्याने तिला वडे खाऊ दिले, चहा पिऊ दिला, श्रीवर्धनच्या हवापाण्याची चौकशी केली आणि सरतेशेवटी खांब धरून म्हणाला, "बाय, मोबाईल लय चांगला हाय. पन माझा अंगठा त्याला पुरत न्हाय."

रुचिका रुसली नाही. ती एकदम दुकानातली झाली. माडावर धरता तसा धरून दाखवा, असे तिने फर्माविले. कोंडाजीने डाव्या हाताने खांबाला कवटाळले, पाय दुमडले, उजव्या हातात मोबाईल घेतला आणि अंगठा ताणला. नीराबाई चुलीजवळून म्हणाली, "त्या खांबाचं नशीब बघ गो. एवढ्या वर्सांत मला न्हाय असं कवटाळलं."

हसू ओसरल्यावर रुचिकाने वडिलांचा अंगठा आपल्या हातात घेतला. कोयत्याने घट्टे पडलेला, आखूड, जाड अंगठा. ती हळू आवाजात म्हणाली, "रोज पन्नास लोकांचे हात बघते मी. तुमचाच बघायचा राहिला, बाबा."

मग तिने मोबाईलमध्ये काहीतरी शोधून एक सोय चालू केली. पडद्याच्या तळाशी बोट खाली ओढले की वरचे सारे चित्र निम्म्यावर उतरून अंगठ्यापाशी येई. कोंडाजीने दहादा ते वर पाठविले, दहादा खाली बोलाविले. एवढे मोठे घर असून माणसाने ओटीवरच संसार थाटावा तसे हे आहे, असे त्यास वाटले, परंतु ते त्याला फार आवडले. कव्हराच्या भोकात त्याने स्वतः सुंभाचा फास ओवला, जेणेकरून मोबाईल निसटला तरी मनगटाला लोंबकळत राहील. इथे त्याची विद्या चालली.

सोमवारी सकाळी वाडीत काकू, रुचिका व नीराबाई माना वर करून उभ्या राहिल्या. कोंडाजी शेंड्याशी पोहोचला. फोन वाजला, नाकपुड्या दिसल्या. त्याने अंगठा तळाशी टेकून खाली ओढला. चित्र आज्ञाधारकपणे उतरले. कोपऱ्यातले चिन्ह अंगठ्याखाली आले. त्याने ते दाबले.

पुण्यात अजेयला कातरलेल्या जुन्या झावळ्या दिसल्या. त्यांच्या मधोमध सरळ उभा असा एक कोवळा कोंब दिसला. त्याच्या बगलेत हिरवे आवरण फाटून काहीतरी फिकट पिवळे डोकावत होते.

"ते पिवळं काय आहे, काका?"

"पोय हाय, दादा. नारळाचा मोहोर. वरसाच्या आत नारळ देईल हा."

मग अजेय म्हणाला, "करवतवाल्याला नको म्हणून कळवतो. पाहुण्यांचा झोपाळा मात्र दुसरीकडे हलवा." आणि लगेच पुढे, "काका, जरा समुद्राकडे फिरवता का?"

कोंडाजीने मनगट वळविले. पाच मिनिटे तो एका हाताने माड व एका हाताने समुद्र धरून बसला होता. खाली काकूंनी पदराने डोळे टिपले आणि वर पाहून मान दुखली असे सर्वांना सांगितले.

रुचिकाने मागाहून लहान मोबाईल बदलून आणण्याची तयारी दाखविली. कोंडाजीने साफ नकार दिला. खाली असताना अक्षरे मोठी हवीत आणि वर गेल्यावर चित्र लहान हवे, हे दोन्ही एकाच वस्तूत मिळत असता बदलायचे कशाला, असे त्याचे म्हणणे पडले. रुचिका श्रीवर्धनला परतली. हल्ली ती गिऱ्हाइकाला अंगठा टेकवायला सांगण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारते: काम करताना तुमचा कोणता हात मोकळा असतो? गिऱ्हाइके गोंधळतात, मग स्वतःच्या हातांकडे पाहू लागतात.

माड अजून कललेलाच आहे. झोपाळा चिकूच्या झाडाला गेला.

येथवर ज्यांनी ही कथा वाचली, एका हाताने वा दोन हातांनी, त्या सर्व वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. लेखनात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे.

आपला नम्र,
विश्वंभर धोंडू मांदाडकर
मुक्काम दिवेआगर