मी डिवचणे, मुक्काम बसवनगुडी

मी डिवचणे. क्रियापद बोलतंय म्हणून दचकू नका. आम्ही राहतो तुमच्याच ओठांवर, फक्त तुमचं लक्ष नसतं.

माझा जन्म नीटसा आठवत नाही. अंधुक आठवते ती विझत आलेली चूल आणि निखारा पुन्हा लाल व्हावा म्हणून त्याला टोचणारी काडी. माझा थोरला भाऊ चिथावणे गर्दीत रमतो. मला घरं आवडतात. अनोळखी माणसाला भडकवता येतं. डिवचायला मात्र त्याचं दुखरं ठिकाण ठाऊक असावं लागतं.

बेंगळुरूच्या या बसवनगुडीत मला चंद्राबाईंनी आणलं, निपाणीहून लग्न होऊन आल्या तेव्हा. दुपारी त्यांचे यजमान आप्पाजी त्यांच्यासमोर चौकाबाऱ्याचा पट मांडायचे, कवड्या टाकायचे आणि मुद्दाम आपली सोंगटी एक घर जास्त सरकवायचे.

"अहो, डिवचू नका हं मला," चंद्राबाई म्हणायच्या. तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

मग उतारवयात त्यांची धाकटी बहीण वारली आणि चंद्राबाईंनी बोलणंच टाकलं. खिडकीशी बसायच्या, ताटातला घास ताटातच राहायचा. मी घरभर तरंगत राहिलो, कॉफीच्या वासात, पडद्यावरच्या उन्हात. एचएसआर लेआउटहून नात प्रणिता यायची, पण ती मला ओळखतही नाही.

एका दुपारी आप्पाजींनी पट मांडला. दोघांच्याही कवड्या स्वतःच टाकल्या आणि आपली सोंगटी एक घर जास्त सरकवली.

"आजोबा, प्लीज, तिला ट्रिगर नका करू," प्रणिता म्हणाली.

"स्वल्प थांब गं."

मी भ्यालो होतो. निखारा विझलाच असेल तर काडीने नुसती राख उडते.

आप्पाजींनी चंद्राबाईंची सोंगटी उचलली आणि खुशाल पटाबाहेर ठेवली.

चंद्राबाईंची नजर खिडकीवरून पटावर आली. त्यांचे ओठ हलले.

"अहो, डिवचू नका मला. ठेवा ती परत."

आवाज कोरडा होता, पण त्यांचाच होता. मग त्या पोटभर रडल्या आणि रडता रडताच त्यांनी कवड्यांसाठी हात पुढे केला.

तुमच्याकडे कुणी असं गप्प झालं असेल तर मला जरूर बोलवा. फक्त काडी धरणाऱ्या हाताला माया असू द्या.

आज आप्पाजी अगदी सरळ खेळत होते. चंद्राबाईंनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःचीच सोंगटी हळूच एक घर जास्त सरकवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"डिवचतेस होय मला?" आप्पाजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच आलो.