समोरच्या किनाऱ्याचं परदेशी लाकूड

वखारीच्या ऑफिसातून, खिडकीची काच पुसलेली असली तर, धाकट्या भावाचं जंगल दिसायचं. मध्ये फक्त वीस मैल पाणी. पण ताई हल्ली काच पुसायची नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, हे रोज कोण बघत बसेल?

वडिलांनी जाण्याआधी वाटणी अगदी सरळ केली होती. धाकट्याला पलीकडचं जंगल, ताईला अलीकडची वखार आणि सॉ मिल. त्याने तोडायचं, हिने चिरायचं. भांडणाला जागाच ठेवली नव्हती. ती उणीव मग सरकारने भरून काढली.

नियम असा आला की देशाच्या एका बंदरातून देशाच्याच दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज स्वदेशीच हवं. बांधणी स्वदेशी, मालक स्वदेशी, खलाशीसुद्धा स्वदेशी. हेतू उदात्त होता: देशातली जहाजं वाढावीत. दहा वर्षांत या किनाऱ्यावरची जहाजं सातावरून वाढत वाढत एकावर आली. ते एक वर्षातले पाच महिने दुरुस्तीला असायचं, आणि उरलेले सात महिने त्याचा शेठ असं भाडं सांगायचा की ओंडक्यापेक्षा भाडंच जड. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "मग दुसरं जहाज बघा ना!" आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

त्यामुळे गावातले सुतार महासागरापलीकडचं लाकूड वापरू लागले. तीन हजार मैलांवरून आलेलं स्वस्त आणि वीस मैलांवरचं महाग. असा हिशेब शाळेत मांडला असता तर मास्तरांनी कान उपटला असता. सरकारात त्याला धोरण म्हणत. ताईची करवत चार महिने बंद होती. मिस्त्री रोज सकाळी तिला तेल द्यायचा, पातं पुसायचा आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचा. त्याच्यासकट नऊ माणसं होती. कशीबशी एका शाळेच्या छपराच्या तुळयांची ऑर्डर आली, तेव्हा ताईने नऊही जणांना समोर बसवून सांगितलं, की ही गेली तर मी वखार विकणार.

युक्ती मिस्त्रीची. परदेशी जहाजाला तिकडून इकडे माल आणता येत नाही, पण तिकडून परदेशात नेता येतो. आणि परदेशातून इकडे आणायला तर कुणाचीच ना नाही. म्हणजे शुद्ध द्राविडी प्राणायाम! ताईने भाडं काढून बघितलं. चौदाशे मैल फिरूनही ते शेठच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात बसत होतं.

तिने धाकट्याला फोन केला. "एकशे चाळीस ओंडके जहाजावर चढव. आणि ऐक, ठसा मारू नकोस."

"ठसा नको? म्हणजे काय?" धाकटा गोंधळला.

"नको म्हणजे नको."

वडिलांचा ठशाचा हातोडा होता, वर्तुळात एक पान. प्रत्येक ओंडक्याच्या बुडाला तो एकदा बसायचाच. ठशाशिवाय घराबाहेर पडलं ते लाकूड चोरीचं, असं वडील म्हणायचे.

लाकूड गेलं, परक्या धक्क्यावर आठ दिवस पडलं, परदेशी मालाचे कागद घेऊन परत आलं. झाड तेच, फक्त आता जग बघून आलेलं.

धक्क्यावर कस्टमच्या साहेबाने पहिल्याच ओंडक्याच्या बुडावर पेन्सिल टेकवली. "बाई, हे पान तुमच्या वखारीच्या पाटीवर आहे ना?"

ताईने दुसरा ओंडका बघितला, तिसरा बघितला. सगळीकडे पान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते एकशे चाळीस वेळा.

"आता एकच सांगा," साहेब अगदी मायेने म्हणाला. "लाकूड आपलं, का परदेशी? आपलं असेल तर ते परदेशी जहाजातून आणलंत. माल जप्त, लायसन्स रद्द."

"परदेशी," ताई म्हणाली.

"छान. पण परदेशी लाकडावर देशी ठसा ही गिऱ्हाइकाची फसवणूक. ठसे कापून टाका, माझा माणूस मोजून घेईल. आणि इथे सही करा."

कागदावर छापलेलं होतं: सदर लाकडाशी माझा वा माझ्या कुटुंबाचा कधीही संबंध नव्हता. ही झाडं लावली तेव्हा ताई सात वर्षांची होती. वडील खड्डा करायचे आणि ती डब्याने पाणी घालायची. सही करताना तिला रडू आलं, आणि साहेबासमोर रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी, इतक्या महिन्यांनी, करवत सुरू झाली. मिस्त्री प्रत्येक ओंडक्याच्या बुडाची दोन बोटं जाडीची चकती उतरवत होता. साहेबाचा माणूस स्टुलावर बसून वहीत रेघा मारत होता. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"ताई, पोचलं ना सगळं? रागावू नकोस, तू नको म्हणाली होतीस, पण माझा हातच धजेना. बाबांच्या ठशाशिवाय कसं पाठवू? एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मी स्वतः मारले. चांगले खोल. दिसले ना?"

ताईच्या पायाशी चकत्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. रागवायचं तिने सकाळपासून ठरवून ठेवलं होतं.

"दिसले," ती म्हणाली.

"आणि हा आवाज कसला गं?"

"करवत चालू झाली."

धाकटा म्हणाला, "आज बाबा हवे होते."

"हो रे," ताई म्हणाली, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून फोन करवतीच्या आणखी जवळ धरला.