वायरीचं खातं

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्या दोघांनी घरातल्या कामांची वाटणी करून टाकली होती. ज्याला वायर ते त्याचं, ज्याला झाकण ते तिचं. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. त्याने कधी तिच्या डब्यांत नाक खुपसलं नाही आणि तिने कधी साध्या फ्यूजला हात लावला नाही. त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज गेला तेव्हा तिने तो नवऱ्याच्या हवाली केला आणि आपण खुर्ची सोडून बाजूला झाली.

आवाजाशिवाय तिचं चालणार नव्हतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचं काम तिला चार महिन्यांपूर्वी मिळालं होतं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या हिमतीवर. महिनाअखेरपर्यंत काम नीट दिलं तर ऑफिस तिला कायम करणार होतं. नाही दिलं तर दुसऱ्या बायका टपलेल्या होत्याच.

नवऱ्याने कष्टात कसूर केली नाही, हे मान्य करायला हवं. निवृत्त माणूस, वेळच वेळ. टेबलाखाली पालथा पडून त्याने वायरी उपसल्या, हेडफोन बदलून पाहिला, स्पीकर शेजाऱ्यांकडे नेऊन तपासून आणले. ती शेजारी उकिडवी बसून बॅटरीचा उजेड धरायची. दोनदा तो दुकानातही जाऊन आला.

"आतलं कार्डच गेलंय. इतक्या जुन्या मशीनला पार्ट मिळत नाही म्हणाला दुकानवाला," नवव्या दिवशी त्याने निकाल दिला. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. पुष्कळ राबलीस. आता जरा निवांत बस."

तिला भरून आलं. माझ्यासाठी किती करतात हे, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरकडे गेला तेव्हा तिने ऑफिसला फोन लावला, काम जमणार नाही हे सांगायला. फोनवरची मुलगी चिवट निघाली.

"थांबा काकू, असं कसं सोडताय? मी सांगते तसं करा."

"मला वायरींमधलं काही कळत नाही हो."

"वायरींना हातच लावायचा नाहीये."

मग इथे क्लिक कर, तिथे क्लिक कर. आवाजाची पट्टी वरच होती, म्यूटही नव्हतं. मुलीने तिला आणखी आत नेलं. तिथे मशीनमधल्या सगळ्या भागांची यादी होती.

"आवाजाच्या भागापुढे काही खूण दिसते?"

"खाली तोंड केलेला छोटा बाण आहे."

"मग काही बिघडलेलंच नाही. तो भाग कुणीतरी बंद करून ठेवलाय. माऊसचं उजवं बटण दाबा आणि एनेबल करा, म्हणजे चालू."

तिने केलं. मग एक रिपोर्ट लावून पाहिला तर डॉक्टर खणखणीत आवाजात कुणाच्या तरी डाव्या गुडघ्याबद्दल बोलायला लागले. मुलगी तिकडे खूश झाली.

"हे आपोआप होतं का गं?" तिने विचारलं.

"नाही काकू. बंद करताना कॉम्प्युटर विचारतो, नक्की ना म्हणून. त्याला हो म्हणावं लागतं."

घरात माणसं दोन. तिने हो म्हटलेलं नव्हतं.

ती कामाला बसली. दुपारी तो आला, एक गाल सुजलेला, आणि खोलीतून येणारा आवाज ऐकून दारातच थबकला. कसा चालू झाला, असं त्याने विचारलं नाही. तेवढ्यावरून तिची उरलीसुरली शंका फिटली.

"का?" ती म्हणाली.

तो वाकून चपला काढू लागला. "तू दिवसभर कानात ते घालून बसतेस. मी तीन-तीन हाका मारतो, तुला पत्ता नसतो. मी काय भिंतींशी बोलू?"

"मग हे सांगायचं होतं. मी भांडले असते. पण तुम्ही माझ्याकडून उजेड धरून घेतलात हो. आणि दुकानवाला काय म्हणाला होता?"

"दुकानात गेलोच नव्हतो. बागेत बसलो होतो."

"दोन्ही वेळा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तिला राग आला होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. फसले ते फसले, वर उपकार मानत बसले, हे तिला फार झोंबलं. तीस वर्षांत तिने त्याच्या खात्यात एकदाही डोकावलं नाही, आणि ह्या माणसाने नेमकं तेच गृहीत धरलं.

संध्याकाळपर्यंत तिने अकरा रिपोर्ट पाठवले. बाकीचे दोन दिवसांत देते म्हणून कळवलं, त्यावर चालेल असं उत्तर आलं. तोवर त्याने आपणहून चहा केला होता. कप तिच्यापुढे ठेवून तो हळूच म्हणाला, "गॅस बंद केलाय मी."

एरवी तिने हे नुसतं ऐकून सोडून दिलं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि वाकून दोन्ही बटणं नीट पाहिली. गॅस बंदच होता. तो दारात उभा राहून बघत होता, आणि हे तपासणं यापुढे रोज होणार आहे हे दोघांनाही कळलं.