उत्कृष्ट लावणी कर्मचारी

"टाळ्या वाजवा," भागवतराव म्हणाले.

कुणी वाजवल्या नाहीत. छबुबाईने खांद्यावरची सन्मानाची शाल काढून बांधावर ठेवली आणि चिखलातून बाहेर येऊन बसली. तिच्यामागून भात लावणाऱ्या सगळ्या बाया बाहेर आल्या.

भागवतरावांचा जन्म कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेला. निवृत्त होऊन उमापूरला आले ते व्यवस्थापन बरोबर घेऊनच. कालव्याखालच्या चिबड, सदा पाणी साचणाऱ्या रानात भाताशिवाय काही तगत नसे. तिथे त्यांनी रोप विभाग, पाणी विभाग आणि लावणी विभाग स्थापन केले. रोज सकाळी बैठक होई. तीत बोलायला तेच असत. आज कामाला वेग यावा म्हणून त्यांनी उत्कृष्ट कर्मचारी निवडला होता.

उपटलेल्या रोपांच्या जुड्या उन्हात माना टाकत होत्या. कालव्याच्या चारीचं पाणी संध्याकाळी बंद होणार होतं. आज लावणी झाली नाही, तर यंदाचं भात संपलं.

"छबुबाई, तुमचा तर मान केला. तुमीच का बसल्या?" भागवतरावांनी विचारलं.

"ह्या समद्या बायांसंगं ऊस तोडायला जाते मी, भाऊ. दिवाळीनंतर कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

रुक्मिणीबाई टोळीत वयाने मोठी. ती म्हणाली, "लावणीत समद्यांची एक ओळ असती. एकीची कंबर धरली, तर समद्या हळू होतात. तुमी हिला पुढं काढलं, म्हंजी आमी मागं राहिलो. मागं राहिलेल्याचं काय करतात कारखान्यात?"

भागवतराव खरं बोलले. "काढून टाकतात."

"मंग आमी निघालो."

बाया खरंच उठल्या. चहाची किटली घेऊन आलेल्या सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, समद्यांच्या मागं राहील असा एक माणूस पायजे आता. उतरा तुमी."

"मला लावणी येत न्हाई."

"म्हणून तर."

रुक्मिणीबाई पदराआड हसली, पदर पुन्हा खोचला आणि चिखलात उतरली; तिच्यामागून बाकीच्या बायाही. भागवतरावांनी विजार गुडघ्यावर दुमडली. दोन बायांच्या मधे त्यांना जागा मिळाली.

ऊन उतरलं, चारीतलं पाणी खाली जात राहिलं. कोपऱ्यातला वाफा काही आज होत नव्हता, हे आता सगळ्यांनाच दिसत होतं. ओळ एक पाऊल मागे सरली. भागवतरावांचा हात अजून आधीच्या रोपापाशी चिखलातच होता. बाया त्यांच्यासाठी वाकल्या तशाच थांबल्या. भागवतरावांकडे कुणी पाहिलं नाही.