ठसे उठवणाऱ्या ब्रशची खंडेनवमी

मित्रांनो, दात घासायचा नव्हे, दाराला रंग द्यायचाही नव्हे. मी बोटांचे ठसे उठवणारा एक जुना ब्रश आहे. माझे केस खारीचे. खारीला कोणी विचारले नव्हते, पण ती वेगळी तक्रार.

गेवराईच्या अलीकडच्या एका ठाण्यात मला जमादार अर्जुनरावांनी आणले. त्याआधी तिथे तपास म्हणजे पट्ट्याचा मार होता. अर्जुनराव मला फुंकर घालून साफ करीत आणि शिपाई सटवाला सांगत, “ठशांचं शास्त्र कलकत्त्याला दोन देशी फौजदारांनी बसवलं, बे. आन् नाव झालं गोऱ्या साहेबाचं! लई बेइमानी.” हे सांगून ते मला आणखी एक फुंकर घालीत.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले तेव्हाची गोष्ट. गुरुपादशेठच्या दुकानातून टीव्ही चोरीला गेले. शेजारच्या जाकीर मेकॅनिकला धरले, कारण त्याच्याकडे पान्हे होते. मागच्या खिडकीच्या काचेवर मी अंगठा उठवला. ताडून पाहिला, तर तो केदारनाथचा निघाला. म्हणजे आमदारांच्या भाच्याचा. दुकानाची पायरीही चढलो नाही, असे तो सांगत होता.

जाकीरची आई सईदा ठाण्याच्या फाटकाशी बसून असे. “माझ्या लेकराचा न्हाई ना वो ठसा?”

“न्हाई, मावशी,” अर्जुनराव सांगत. “ काच लबाड बोलत न्हाई. फोटोवाला आला की पोरगं सुटलं.”

पुराव्यासाठी ठशाचा फोटो काढणारा हा फोटोवाला दसऱ्यानंतर येणार होता. त्याआधी आमदारांचा फोन आला.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. बंदुका, बेड्या आणि मी पाटावर होतो. अर्जुनरावांनी त्या वर्षी खिडकीची ती काचही आणली आणि ओल्या फडक्याने लख्ख पुसली.

“जमादार, ठसा वो?” सटवा दचकला.

“कसला ठसा? धूळ हाय, बे. देवापुढं मळकं ठेवीत न्हाईत.”

सईदाला फाटकावर पेढा मिळाला. दुपारी जाकीर बीडच्या तुरुंगात गेला. गाडीमागे धावताना पेढा तिच्या मुठीतच होता.

मित्रांनो, माझे केस आता झडलेत. कोणी मला हाती घेतलेच, तर पावडर झटकून कोरडा ठेवा. आणि उठवलेला ठसा पुसायला निघालात, तर आधी मला फेकून द्या. पाटावर मांडू नका.

त्या दिवशी अर्जुनरावांनी पूजेच्या कुंकवात अंगठा बुडवून त्या स्वच्छ काचेवर टेकवला. रेघ न् रेघ स्पष्ट. इतका सुंदर ठसा मी आयुष्यात उठवला नव्हता. तो उचलायला मात्र कोणी आले नाही.